दोष तुमच्या बोटाचा नाही

वाचकहो, वाशी मार्केटला तुम्ही स्वतः गेला नसाल तर घरातले कोणी तरी नक्की गेले असेल. संध्याकाळी टेम्पोत गोणी चढवायच्या, ताडपत्री आवळायची, रात्रभर घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत गाळ्यावर पोचायचे. पहिल्यांदा जाणारा गडी तिथे हमखास गोंधळतो. मार्केटचा कागदोपत्री पत्ता तुर्भ्याचा, पण उभ्या महाराष्ट्रात त्याचे नाव वाशी मार्केट. वाशी स्टेशनाबाहेर "मार्केट कुठं हो?" असे विचारले, तर समोरचा उलट विचारतो, "कुठलं? भाजीचं, फळांचं, कांदा-बटाट्याचं, मसाल्याचं की दाण्याचं?" पाचही बाजार आपापल्या आवारात. त्यात सगळा पत्ता सेक्टरच्या आकड्यांत. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर आखले आणि वस्त्यांना सेक्टरचे आकडे दिले. आखणी विचारपूर्वक केलेली आहे, यात शंका नाही. पण त्या आकड्यांचा मेळ आखणाऱ्याच्या नकाशात बसतो. टेम्पो रस्त्याच्या कडेला लावून उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोक्यात बसत नाही. शेजारचा आकडा शेजारीच सापडेल, या भरवशावर निघालेला माणूस चार ठिकाणी विचारल्यावाचून पोचत नाही.

आता त्याच मार्केटातली दुसरी गोष्ट पाहा. तुमच्या गोणीवर किंवा आंब्याच्या पेटीवर तुम्ही मार्का टाकता. कोणी लाल रंगात दोन अक्षरे लिहितो, कोणी त्रिकोण काढतो, कोणी गोणीचे तोंड निळ्या सुतळीने शिवतो. अंधूक उजेड, पाठीवर ओझे, मागून दुसऱ्याची घाई. अशा वेळी माथाडी कामगाराने नुसती नजर टाकली तरी हा माल कोणाचा आणि कोणत्या गाळ्यावर जायचा हे त्याला कळते. त्याला वाचता येवो वा न येवो, काम अडत नाही. हा मार्का तुम्हाला कोणत्या शाळेत शिकवला? कुठेच नाही. पाहणारा कोण आहे, तो कोणत्या परिस्थितीत पाहणार आहे, त्याला किती वेळ मिळणार आहे, याचा विचार तुमच्या आजोबा-पणजोबांनी केला आणि ब्रश रंगात बुडवला.

या विचाराचे आता एक मोठे शास्त्र झाले आहे. शहरात त्याला युजर एक्स्पीरियन्स डिझाइन म्हणतात, थोडक्यात यूएक्स. आपण त्याला वापरणाऱ्याच्या सोयीची आखणी म्हणू. वाशी रेल्वे स्टेशनच्या इमारतीतच संगणकाच्या कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. खाली लोकल धावते आणि वर मुले-मुली संगणकापुढे बसलेली असतात. अशा कचेऱ्यांत काम करणाऱ्यांत खेड्यापाड्यांतली मुलेही आहेत. असा एखादा मुलगा गणपतीला घरी आला आणि "मी यूएक्स करतो" म्हणाला, की आई शेजारणीला "कम्प्युटरमध्ये आहे" एवढे सांगून मोकळी होते. खरे म्हणजे तो काय करतो हे त्या माउलीला पाच मिनिटांत समजेल, कारण जन्मभर तिने तेच केले आहे. फडताळात मिठाची बरणी कुठे आणि साखरेची कुठे ठेवायची, रात्री दिवे गेले तरी हाताला काडेपेटी लागेल अशी जागा कोणती, हे तिने कोणाला न विचारता ठरवलेले असते.

तांब्याची गोष्ट

भारत सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपे आपल्या देशात आले होते. दोघेही वस्तूंची आखणी करण्यात जगप्रसिद्ध. देशभर हिंडून त्यांनी १९५८ साली सरकारला एक अहवाल दिला. त्याच्या आधारे १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. इथे जे जे पाहिले त्यात त्यांना सर्वांत जास्त काय भावले असेल? ताजमहाल नव्हे, तर आपला पाण्याचा साधा तांब्या! त्याचा घाट ठरवायचा झाला तर किती गोष्टींचा विचार करावा लागेल, याचा पाढाच त्यांनी त्या अहवालात वाचला आहे. त्यात पाणी किती मावावे, भरल्यावर तोल कुठे राहावा, बाईच्या, मुलाच्या, म्हाताऱ्याच्या हातात तो कसा बसेल, धार कशी पडेल, आतून घासता येईल का, किंमत किती होईल, मोडीत किती येईल, हे सगळे आले. एका माणसाने बसून हा घाट ठरवलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक वापरत गेले, कासार ऐकत गेले, आणि जे नडत होते ते गळून पडले.

तांब्याला शेकडो वर्षे मिळाली. बँकेच्या यंत्राला, मोबाइलमधल्या ॲपला किंवा सरकारी अर्जाला एवढी सवड मिळत नाही. काही महिन्यांत तो तयार होतो आणि एके दिवशी सबंध राज्याच्या हातात पडतो. म्हणून जे काम पिढ्यांनी केले ते आता शिकलेल्या माणसांना मुद्दाम बसून करावे लागते. ही या धंद्याची सगळी गोम आहे.

डोनाल्ड नॉर्मन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिले. युजर एक्स्पीरियन्स हा शब्द रुळवला तोही यानेच. १९९३ साली ॲपल कंपनीत त्याने आपल्या हुद्द्यातच तो घातला होता. त्याचे म्हणणे फार साधे आहे. दार ढकलायचे की ओढायचे हे कळेना झाले, तर ढकलणारा मूर्ख नसतो. दार चुकीचे केलेले असते. कडी दिसली की हात ओढायला जातो आणि सपाट पत्रा दिसला की ढकलायला. दारावर कडी लावायची आणि वर 'ढकला' अशी पाटी ठोकायची, म्हणजे आपली चूक पाटीने झाकणे होय. आपल्या गोठ्याच्या फाटकाला कधी पाटी लागते का? अडसर ज्या बाजूला सरकतो ते पाहिले की पोरालाही कळते.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. आपल्याकडे थोरली माणसे बँकेच्या यंत्रासमोर उभी राहिली की हात मागे घेतात. "मला नाही जमायचं बाबा, तूच दाब," असे नातवाला म्हणतात आणि आपला गुप्त आकडाही त्याला, नाही तर रांगेतल्या परक्या माणसाला सांगून टाकतात. ज्या माणसाने बैलाच्या चालीवरून त्याचे दुखणे ओळखले, त्याला चार बटणे कळत नाहीत, हे मला तरी पटत नाही. ती बटणे त्याला विचारून केलेली नाहीत, एवढेच.

निळे बटण आणि लाल दिवा

विचारून केलेले यंत्र कसे असते? ते तुम्ही हाताळलेले आहे. मतदान यंत्र.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती. म्हणून चिन्हे आली, आणि प्रत्येक उमेदवाराची पेटीही वेगळी ठेवली गेली. पेटीवर चिन्ह चिकटवलेले, आपल्या माणसाच्या पेटीत कागद टाकायचा. पुढे एकाच कागदावर सगळी चिन्हे छापून शिक्का मारायची पद्धत आली. तो शिक्का आठवतो का? बाणांच्या फुलीचा. तो तसाच का? मतपत्रिकेची घडी घातली की ओली शाई समोरच्या बाजूला उमटते आणि दोन उमेदवारांपुढे शिक्का दिसतो. बाणांची फुली आरशातल्यासारखी उलटी उमटली की ती उलटी आहे हे नजरेला कळते, आणि मत खरे कोणाला ते ठरवता येते. साधा ठिपका असता तर मत बाद करावे लागले असते. एका रबरी शिक्क्यामागे एवढा विचार!

यंत्राने मतदान पहिल्यांदा झाले ते मे १९८२ मध्ये, केरळातल्या परूर मतदारसंघातल्या पन्नास केंद्रांवर. तो प्रयोग न्यायालयात टिकला नाही. पुढे कायदा बदलला, १९९८ साली काही मतदारसंघांत यंत्र पुन्हा आले आणि २००४ ची लोकसभा निवडणूक सबंध देशात यंत्रावर झाली. या यंत्राच्या रूपाची आखणी पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात, म्हणजे आयडीसीत झाली. प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी ती केली. पवई म्हणजे वाशीहून खाडीपूल ओलांडून पलीकडे. आयडीसी १९६९ साली सुरू झाली, आणि ती उभी करणारे सुधाकर नाडकर्णी आपलेच मराठी गृहस्थ.

आता यंत्र डोळ्यांपुढे आणा. नाव, त्यापुढे चिन्ह आणि त्याच ओळीत निळे बटण. डोळा ज्या ओळीत, बोट त्याच ओळीत. बटण कुठे आहे ते शोधावे लागत नाही, कारण दाबण्याजोगे दुसरे काहीच त्यावर ठेवलेले नाही. रिकाम्या ओळींची बटणे झाकून टाकलेली. बटण दाबले की चिन्हाजवळ लाल दिवा लागतो आणि लांब शिटी वाजते. डोळ्याला खूण आणि कानालाही. घाबरून दुसऱ्यांदा दाबले तरी दुसरे मत पडत नाही. अधिकाऱ्याने आपल्याकडचे बटण दाबल्याखेरीज पुढच्याला यंत्र खुले होत नाही. दृष्टी नसलेल्यांसाठी ब्रेल लिपीतले आकडे आहेत. आणि गावात वीज असो नसो, यंत्र बॅटरीवर चालते. वापरायला किती शिकावे लागले? रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईने "निळं बटण दाब अन् शिटी वाजली की ये" एवढे सांगितले आणि झाले शिक्षण.

या यंत्रावर विश्वास ठेवावा की नाही, हा वाद राजकारणात चालूच असतो. तो इथे नको. पण त्या वादातूनही एक धडा निघाला. दिवा लागला, शिटी वाजली, तरी मत आत कुठे गेले ते दिसत नव्हते. म्हणून कागदी चिठ्ठीचे जोडयंत्र आले. २०१३ साली नागालँडमधल्या एका पोटनिवडणुकीत ते पहिल्यांदा वापरले गेले. आपण निवडलेले चिन्ह काचेआड सात सेकंद दिसते आणि मग चिठ्ठी पेटीत पडते. नुसते काम होऊन भागत नाही. काम झाले हे करणाऱ्याला दिसावे लागते.

हेच तत्त्व आता किराणा दुकानात बोलते आहे. फोनवरून पैसे देण्याची यूपीआय पद्धत २०१६ साली आली. गिऱ्हाईक फोन दाखवून "पाठवले" म्हणे आणि दुकानदार तेलाच्या हाताने आपला फोन चाचपत बसे. मग "अमुक रुपये मिळाले" असे मोठ्याने बोलणारा डबा निघाला. भाजीवालीला मान वर करावी लागत नाही. तिला सतावणारा प्रश्न नेमका ओळखून केलेली ती वस्तू आहे, म्हणून ती आठवडी बाजारातसुद्धा पोचली. तुमच्या दूध संस्थेत वजनाच्या आणि फॅटच्या यंत्राचे तोंड कोणाकडे आहे, ते उद्या सकाळी जरूर पाहा. आकडे फक्त घेणाऱ्यालाच दिसत असतील, तर ते यंत्र निम्म्या माणसांसाठीच केलेले आहे.

फोनचेही तसेच. नोकियाचा ११०० हा फोन २००३ साली निघाला, आठवतो ना? धूळ आत जाऊ नये म्हणून सलग रबरी बटणे, घामाच्या हातातून निसटू नये म्हणून खरबरीत कडा, आणि माथ्यावर विजेरी. रात्री मोटर चालू करायला विहिरीवर जाणाऱ्या माणसाची गरज कोणाच्या तरी ध्यानात आली होती! पंचवीस कोटींच्या आसपास नग खपले त्याचे. पुढे पडद्याचे फोन आले आणि मराठी लिहायची पंचाईत झाली. इंग्रजी अक्षरांना सव्वीस खणे पुरतात. आपली व्यंजने, स्वर, काना-मात्रा, जोडाक्षरे एवढीशी जागा घेऊन कुठे बसवायची? आयडीसीतल्याच प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या मंडळींनी २०१३ साली 'स्वरचक्र' नावाचा कळफलक फुकट उपलब्ध करून दिला. त्यात अक्षरे बाराखडीच्या तक्त्याप्रमाणे, क-ख-ग-घ अशी ओळीने. 'क'वर बोट ठेवले की भोवती चक्र उमटते: का, कि, की, कु, कू. बोट हव्या त्या बाजूला सरकवले की झाले. पहिलीच्या पाटीवर जे गिरवले तेच पडद्यावर. नवे शिकवण्याऐवजी माणसाला जे आधीच येते त्याला जाऊन चिकटले, ही त्यातली हुशारी.

चूक पोटात घालणारे यंत्र

ई-पीक पाहणीचा अनुभव घरोघर आहे. सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, म्हणजे त्यातला 'बारा', पूर्वी तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ती शेतकऱ्याने स्वतः फोनवरून करावी असे ठरले. कल्पना उत्तम: माझ्या शेतातले पीक मीच सांगेन. पण ॲप हातात पडले तेव्हा पडद्यासमोरचा माणूस कोण होता? भर उन्हात, चिखलात, बांधावर उभा. उन्हात पडदा दिसत नाही. रेंज झाडावर चढल्याशिवाय मिळत नाही. घाईत भलतेच पीक निवडले गेले, हंगाम चुकला, क्षेत्राचा आकडा इकडचा तिकडे झाला. चुकीची नोंद म्हणजे नुसती चूक नव्हे. पुढे पीक कर्ज, विमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी या सगळ्याला ती नोंद पाहतात. २०२२ च्या नव्या आवृत्तीत केलेली नोंद ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्त करण्याची सोय दिली गेली. माझ्या मते त्या आवृत्तीतली सर्वांत मोलाची गोष्ट ती होती. पाटीवर चुकले तर पुसता येते, म्हणून तर पोर लिहायला धजते. जिथे पुसता येत नाही तिथे माणूस बोटच लावत नाही, दुसऱ्याला पैसे देऊन काम करून घेतो.

इथवर पैशाची आणि वेळेची गोष्ट झाली. आता जिवाची.

तुमच्या घरात, बहुधा गोठ्याच्या आढ्याला किंवा मोटरीच्या खोलीत, औषधाच्या बाटल्या असतील. औषध म्हणायचे आपण, पण ते कीटकनाशक आहे, विष आहे. लेबलावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो, त्याचे दोन त्रिकोण केलेले. खालच्या त्रिकोणात रंग असतो आणि वरच्यात इशारा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी हे ठरवून दिले आहे. लाल म्हणजे अतिजहाल. त्यावर कवटी आणि विष हा शब्द. पिवळा म्हणजे जहाल. त्यावरही विष हा शब्द, पण कवटी नाही. निळा मध्यम, त्यावर धोका अशा अर्थाचा इशारा. हिरवा त्यातल्या त्यात सौम्य, त्यावर सावधान. हिशेब असा, की प्रयोगातल्या जनावरांच्या वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेने निम्मी जनावरे मरत असतील तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा, आणि त्याहून जास्त मात्रा लागत असेल तर हिरवा.

अक्षर न येणाऱ्यालाही कळावे म्हणून रंग निवडले, हेतू चांगलाच होता. पण शेतकऱ्याच्या घरात हे रंग काय बोलतात? लालाचे ठीक आहे, तो थांब म्हणतो. पिवळा म्हणजे हळद, भंडारा, लग्नाची अक्षत, मंगल रंग. तो दुसऱ्या नंबरचे जहाल विष आहे असे मन आपणहून सांगत नाही. आणि हिरवा? हिरवे म्हणजे पीक तरारले, चांगभले झाले! सिग्नलला हिरवा म्हणजे 'चल'. मग हिरव्या त्रिकोणाची बाटली हाताळताना कोण हातमोजे घालील? रंगांचा अर्थ ठरवणाऱ्याच्या टेबलावर एक आणि बांधावर दुसरा, अशी ही फारकत आहे. बाटलीसोबतच्या घडीच्या कागदावर सगळे लिहिलेले असते खरे, पण एवढ्या बारीक अक्षरांत की वाचायला दुकानातूनच भिंग द्यावे.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते विसरण्याजोगे नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याला कारणे अनेक होती: त्या वर्षी डोक्याइतकी वाढलेली कपाशी, उकाडा, अनेक औषधे एकत्र मिसळणे, अंगावर संरक्षक कपडे नसणे. सगळा दोष लेबलावर टाकणे बरोबर होणार नाही. पण फवारणारा मजूर आणि ते विष यांच्यामध्ये बोलणारे जे एकमेव होते ते लेबल, आणि ते त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलले नाही, एवढे तरी म्हणावेच लागेल.

म्हणून पाठ करून ठेवा आणि पोरांकडून पाठ करून घ्या: लाल, पिवळा, निळा, हिरवा, या क्रमाने विष उतरत जाते, हिरवा म्हणजेही विषच. विषबाधेचा संशय आला तर रोग्याबरोबर ती बाटली किंवा तिचे लेबल दवाखान्यात घेऊन जा. उतारा काय द्यायचा याची माहिती त्यावर छापलेली असते, डॉक्टरांचा वेळ वाचतो. आणि आणखी एक. उरलेले औषध थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. वर सांगितले ना, की कडी दिसली की हात ओढायला जातो? तसेच त्या बाटलीचा आकार 'मला तोंडाला लाव' असेच म्हणत असतो. उन्हातून आलेल्या तहानलेल्या पोराला तुम्ही वर चिकटवलेली चिठ्ठी दिसत नाही. त्याला बाटली दिसते. वस्तू जे बोलते ते पाटीपेक्षा मोठ्याने बोलते, हा या शास्त्राचा पहिला पाठ आहे, आणि तो आपल्या घरात अशा रीतीने शिकायची पाळी कोणावरही न येवो.

घरात कोणाला यात जायचे असेल तर

बारावीला असलेल्या मुला-मुलींपैकी कोणाचा हात चित्रात चालत असेल, किंवा कोणाला मोडके रेडिओ उघडून बघायची खोड असेल, तर या वाटेचा विचार जरूर करा. पवईच्या आयडीसीत बारावीनंतरचा पदवी अभ्यासक्रम २०१५ साली सुरू झाला. त्यासाठी यूसीड नावाची प्रवेश परीक्षा असते आणि तिला विज्ञान, वाणिज्य, कला अशा कोणत्याही शाखेची मुले बसू शकतात. शेवटी थोडे चित्रही काढावे लागते. पदवीनंतर जायचे असेल तर सीड ही वेगळी परीक्षा आहे. शहरात खासगी वर्गही पुष्कळ आहेत, फी भारी असते. पैसे भरण्यापूर्वी तिथे शिकून गेलेल्यांनी पुढे काय केले याची चौकशी करा.

पण सुरुवातीला फी लागत नाही, संगणकही लागत नाही. कागद, पेन्सिल आणि पाच माणसे पुरतात. पाचच का? जेकब निल्सन या डेन्मार्कच्या तज्ज्ञाने २००० साली हिशेब मांडून दाखवले, की पाच माणसांना एखादी वस्तू वापरायला दिली की तिच्यातल्या बहुतेक मोठ्या अडचणी बाहेर पडतात. त्यापुढे त्याच त्या अडचणी पुन्हा दिसत राहतात.

वाशीहून आलेली एखादी हिशेबाची पट्टी घ्या. तिच्यावर नग, वजन, भाव, एकूण रक्कम, मग हमाली, तोलाई, गाडीभाडे असे कपातीचे रकाने आणि शेवटी हातात येणारी रक्कम. भाजीपाला आणि फळांची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे राज्य सरकारने जुलै २०१६ मध्ये ठरवले. तेव्हा कपातीत काय आहे हे घरच्या प्रत्येकाला वाचता आलेच पाहिजे. आता घरातली आणि शेजारची पाच माणसे एकेक करून बसवा. आजीला चुकवू नका, सातवीतल्या पोरीला चुकवू नका. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: "शंभर रुपयांचा माल विकला तर आपल्या हातात किती आले, ते यावरून सांग." आणि मग, हे सर्वांत अवघड, गप्प बसा. बोट दाखवायचे नाही, "अगं तो नाही, खालचा" म्हणायचे नाही, हसायचे तर मुळीच नाही. बोट कुठे अडखळते, कपाळाला आठी कोणत्या रकान्यावर पडते, कोणता शब्द दोनदा वाचला जातो, ते शेजारी कागदावर टिपून घ्या. कोणी "मला नाही कळत" म्हणाले, तर कागदावर त्यांचे नाव लिहू नका, त्या रकान्याचे लिहा.

पाचही जणांचे झाले की कोऱ्या कागदावर तीच पट्टी आपल्या रीतीने आखून पाहा: काय वर आणायचे, काय मोठ्या अक्षरांत, कपात सगळी एका चौकटीत, हातात येणारी रक्कम कुठे. मग ती नवी पट्टी घेऊन आणखी पाच जणांना बसवा. आधीचे पाच नकोत, त्यांना आता उत्तर ठाऊक झाले आहे.